दोन ठेकेदारांमधला सांधा कोणाचा?

प्रश्न : पुण्यात आमची स्वतः बांधून घेतलेली पाच मजली ऑफिस इमारत आहे. खालच्या दोन मजल्यांना पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम), वर थर्मोकोल-जाळी-प्लास्टरचं बाह्य इन्सुलेशन. दोन कामं, दोन ठेकेदार. काम हाती येऊन अडीच वर्षं झाली आणि आता नेमकं दोन्हींच्या सांध्यातून पाणी झिरपतंय. दोघंही म्हणतात, ‘सांधा आमच्याकडे नव्हता, शिवाय डीएलपी (दोष फुकट दुरुस्त करून द्यायचा करारातला काळ) संपली.’ दावा करता येईल का?

उत्तर : येईल, पण हातात सहाच महिने आहेत असं धरून चाला. दावा लावायची मुदत कायद्यातली ३ वर्षं करारभंगापासून मोजतात. गळती आत्ता दिसली, या युक्तिवादावर विसंबू नका. (बिल्डरकडून गाळा घेतला असता तर रेराच्या कलम १४(३)ची ५ वर्षं मिळाली असती.) डीएलपी संपल्यानं ठेकेदाराची फुकट दुरुस्ती संपते. करारात स्पष्ट मनाई नसेल, तर करार कायद्याच्या कलम ७३ खालची भरपाई सहसा मागता येते.

सांधा कोणाचा, ते बीओक्यूत (करारातली कामांची आणि दरांची यादी) शोधा. फ्लॅशिंग (सांध्यावरची पाणी अडवणारी पट्टी), बॅकर रॉड (सीलंटमागे दाबून बसवायची फोमची दोरी), सीलंट (सांधा बंद करणारं रबरी भरण) हे आयटम कोणाच्या बिलात लागले? पैसे घेतलेल्याला हात झटकता येणार नाहीत. कुठंच नसतील तर मंजूर शॉप ड्रॉइंग (ठेकेदारानं प्रत्यक्ष कामासाठी केलेले तपशीलवार नकाशे) काढा. त्यातही सांध्याचा छेद नसेल तर आर्किटेक्टलाही नोटीस द्या.

घाईनं नवं सीलंट भरू नका, पुरावा त्याखाली गाडला जाईल. दोघांना लेखी कळवून संयुक्त पाहणी ठेवा. स्वतंत्र अभियंत्याकडून खालून वर टप्प्याटप्प्यानं पाणी मारून घ्या, मग फूटभर सीलंट कापून काढा. पाठीला रंगीत टेक्श्चरची साल चिकटून आली, तर सीलंट बेस कोटऐवजी (जाळी धरणारा आतला थर) फिनिश कोटवर (वरचा रंगीत थर) बसलंय. ओला फिनिश मऊ पडून सुटतो. फिनिश सांध्यात वळवणारा आणि त्यावर सीलंट भरणारा, दोघंही इथं अडकतात. बॅकर रॉडच नसेल तर सीलंट तळालाही चिकटतं आणि हालचालीत फाटतं; तो दोष निव्वळ भरणाऱ्याचा.

पाहणी झाली की दुरुस्ती लांबवू नका. नुकसान आटोक्यात ठेवायला तुम्ही काय केलं, हेही कलम ७३ खाली पाहिलं जातं. बिलं जपा आणि मोबाइलमधल्या फोटोंसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र करून ठेवा.

करारात लवादाचं कलम असेल तर १९९६च्या कायद्याच्या कलम २१ची नोटीस दोघांना वेगवेगळी, पण एकाच दिवशी पाठवा. ती समोरच्याला मिळेल त्या दिवशी लवाद सुरू झाला असं धरतात, म्हणून पोचपावती हवीच. लवाद नसेल आणि मागणी किमान ३ लाखांची असेल तर व्यापारी न्यायालय. तिथं तातडीचा अंतरिम आदेश नको असेल तर व्यापारी न्यायालय कायद्याच्या कलम १२ए प्रमाणे आधी मध्यस्थी करावीच लागते. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत धरत नाहीत.