अंगठा घेण्याआधी

प्रिय मुली,

उपकेंद्रावर रुजू होताच कॅन्सर तपासणीचं टार्गेट हातात पडलं, बायका तरी येतात, पुरुष फिरकतच नाहीत, असं लिहिलंस. पण आलेल्या बायकांपैकी कितीजणींना आपण कशासाठी आलोय ते ठाऊक होतं?

मी सोलापुरात विडी कामगारांच्या वस्त्यांत तीसेक वर्षं फिरले. एका शिबिरातली अक्का अजून डोळ्यांसमोर आहे. तेंदूपानं कातरून कातरून बोटांना घट्टे पडलेले. आशाताई “चला” म्हणाली, नवऱ्याने मान हलवली, ती आली. व्हीआयए केली. गर्भपिशवीच्या तोंडाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबलो, पांढरा डाग दिसला. मी घाईत म्हणाले, “मोठ्या दवाखान्यात दाखवा.” एवढंच. तिने कॅन्सरच धरला. आठवडाभर विड्या वळायचं सूप मांडीवर घेतलं नाही, आणि दवाखान्यातही गेली नाही. डाग म्हणजे कॅन्सर नव्हे, बहुतेकींना तो नसतोच, हे मी आधी सांगायला हवं होतं. भेदरलेल्या माणसाच्या कानात नंतरचं काही शिरत नाही.

म्हणून पडद्याआड नेण्यापूर्वी तिच्याशी एकटीशी बोल. सासू, नवरा बाहेर. डाग दिसला तर पुढे काय, नाही दिसला तरी पाच वर्षांनी पुन्हा का यायचं, आणि मध्येच अवेळी रक्त गेलं तर वाट न बघता का यायचं, सगळं सांग. घरात तेलुगू असेल तर तेलुगू बोलणारी आशा सोबत घे. सगळं ऐकून ती “नको” म्हणाली तर “नको” लिही, गळ घालून अंगठा घेऊ नकोस.

फायद्याबद्दलही मोघम बोलू नकोस. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, आपल्या बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या सहभागाने १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास झाला, २००९ साली प्रसिद्ध झाला. एकदाच एचपीव्ही चाचणी, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची तपासणी, झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. व्हीआयएच्या गटात मात्र तसा ठोस फरक दिसला नाही. मुंबईच्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी व्हीआयए केली, तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. व्हीआयएच्या एका खेपेत भागत नाही, एवढं तरी तिला कळू दे.

आता पुरुष. बाई डोस, बाळंतपण, पोरांच्या लसी यांसाठी आपल्या दारात येतच असते. पुरुषाला आपल्याकडे यायचं कारणच आपण ठेवलेलं नाही. मग त्याचं न येणं हा नकार कसा मानायचा? त्याला कुणी विचारलेलंच नसतं. यंत्रमागाची पाळी सुटते तेव्हा चहाच्या टपरीवर जा. तंबाखू-सुपारीचा मावा खाणाऱ्याला सांग, तीन बोटं उभी तोंडात घालून बघा. जात नसतील, तोंड पुरतं उघडत नाही हे कळलं, तर तो स्वतःच पुढचं विचारतो, हे मी कितीदा पाहिलंय.

आणि बायकांची तोंडंही बघ. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयात, कधी तरी तोंड तपासून घेतलेले पुरुष १.२ टक्के निघाले आणि बायका ०.९. बाईची तपासणी म्हटलं की आपण गर्भपिशवीवर आणि छातीवर थांबतो. “तंबाखू खाता का?” विचारलंस तर ती नाहीच म्हणेल. “मिशरी लावता का?” असं विचार. दिवसातून किती वेळा, तेही सांगेल.

पुढच्या पत्रात कितीजणी आल्या ते लिहिशीलच. समजून घेऊन कितीजणी “नको” म्हणाल्या, तेही लिही.

तुझी,
ताई