बडोद्यात पावसाळ्यात दोन-तीन दिवस लाइट गेली तर घरात काय तयारी ठेवावी?

आधी पाणी बघा हो, लाइटचं नंतर. मोटर बंद पडली की वरची टाकी किती पुरणार, २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा आमच्याकडे आई तांब्यानं मोजून पाणी देत होती, म्हणून आभाळ भरलं की पिंप, बादल्या, कुकरसुद्धा भरून ठेवतो. इन्व्हर्टरची बॅटरी तळमजल्यावर जमिनीला टेकवून ठेवू नका, विटांवर चढवा. १५० एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) बॅटरीवर एक पंखा नि दोन एलईडी रात्रभर आरामात चालतात, टीव्ही लावलात तर मग बसा वारा घालत. फ्रिज न उघडता जेमतेम चार तास थंड राहतो, दूध आधी संपवा. घरात इन्सुलिन असेल तर डब्यात घालून माठात सोडायचं. पॉवरबँक वगैरे तर आहेच.