दुधाची पट्टी पॉझिटिव्ह, डेंग्यूचं कार्ड निगेटिव्ह: या झटपट चाचण्यांवर किती भरवसा ठेवायचा?

तुम्ही विचारलंय की वाळवा तालुक्यातल्या संकलन केंद्रावर पट्टीत 'अँटिबायोटिक आलं' म्हणून तुमचं दूध परत केलं. त्याच आठवड्यात मुलाच्या डेंग्यूच्या कार्डावर काहीच आलं नाही, पण ताप उतरेना. मग या चाचण्या मानायच्या की नाही? मी सांगली जिल्ह्यातच दूध तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून दुधापासून सुरू करतो.

पट्टी पॉझिटिव्ह आली की दूध बाजूला काढणं बरोबरच आहे. पण तेवढ्यावरून उत्पादकाला दोषी ठरवणं मला अजिबात पटत नाही. पट्टी ही चाळणी आहे, निकाल दुसऱ्या चाचणीने लागतो.

अँटिबॉडी म्हणजे एक ठरावीक रेणू ओळखून त्याला घट्ट धरणारं प्रथिन. पट्टीत ती सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना जोडलेली असते, रेघेचा लाल रंग त्या कणांचा. चाचणीच्या रेघेवर औषध आधीच चिकटवलेलं असतं. दुधात औषध नसेल तर अँटिबॉडी मोकळी राहते, रेघेवर जाऊन अडकते आणि रेघ गडद उमटते. दुधात औषध असेल तर ती वाटेतच गुंतते आणि रेघ फिकी पडते किंवा उमटतच नाही. म्हणजे इथे रेघ दिसली तर दूध चांगलं. डेंग्यूच्या कार्डावर बरोबर उलटं असतं, आणि केंद्रावर नवीन माणूस बसला की घोटाळा इथेच होतो. कंट्रोलची रेघ, म्हणजे पट्टी नीट चालली हे सांगणारी रेघ, मात्र दोन्हीकडे उमटलीच पाहिजे, नाहीतर पट्टी बाद. (पेनिसिलीन गटासाठी बऱ्याच पट्ट्यांत अँटिबॉडीऐवजी ते औषध धरणारं जिवाणूंचं प्रथिन वापरतात. वाचायची रीत तीच.)

आता भरवशाचं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये देशभरातून दुधाचे 6,432 नमुने तपासले, त्यात 77 नमुन्यांत अँटिबायोटिकचे अंश मर्यादेबाहेर निघाले. म्हणजे 1.2 टक्के. समजा, एखादी पट्टी दूषित दूध एकूण एक पकडते आणि चांगल्या दुधाला शंभरात फक्त 3 वेळा चुकून पॉझिटिव्ह दाखवते. हजार नमुन्यांत खरे दूषित 12 सापडतील, आणि उरलेल्या 988 पैकी जवळपास 30 विनाकारण अडकतील. पॉझिटिव्ह 42, त्यातले 30 निर्दोष! पट्टी यात वाईट नाही. दोषच विरळा असला की चांगली चाचणीसुद्धा असंच करते. शिवाय काही पट्ट्या कायदेशीर मर्यादेच्या खालचं प्रमाणही दाखवतात. म्हणून पुन्हा पट्टी लावायची, मग राखून ठेवलेले नमुने तपासायचे आणि वाद उरलाच तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एलसी-एमएस यंत्रावर (हे औषधाचे रेणू वेगळे करून त्यांच्या वजनावरून ओळखतं) तपासणी. तुमचा नमुना राखून ठेवलाय का, हे केंद्रावर आजच विचारा. तो तुमचा एकमेव पुरावा आहे.

पण त्याआधी गोठ्यातही बघा. दगडी (कास सुजण्याचा आजार) झालेल्या गाईच्या एका सडात औषधाची ट्यूब सोडली की बरेच जण फक्त त्या सडाचं दूध टाकून देतात. औषध रक्तातून बाकीच्या सडांतही उतरतं, त्यामुळे लेबलवर लिहिलेल्या मुदतीपर्यंत चारही सडांचं दूध वेगळं काढावं लागतं. गाय आटवताना, म्हणजे विण्याआधी दूध बंद करताना, सोडायची ट्यूब तर लांब मुदतीची असते. गाय तारखेआधी व्याली तर ती मुदत पुरी झालेली नसते, आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही. उकळून हे अंश जातील यावर विसंबू नका.

त्याच पाहणीत याहून मोठा आकडा होता तो अफ्लाटॉक्सिन एम1 या बुरशीच्या विषाचा: 368 नमुने, 5.7 टक्के. मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम, इतकं बारीक प्रमाण मोजायला एलायझा नावाची अँटिबॉडी चाचणी फार उपयोगी पडते. मूळ असतं बुरशी लागलेल्या पेंडेत आणि मक्याच्या भरड्यात. पावसाळ्यात ओल लागलेलं पोतं 'जनावराला चालतंय' म्हणून खपवू नका, ते विष दुधात उतरतं आणि पाश्चरायझेशनने जात नाही. खाद्य बदललं की काही दिवसांत दूध सुधारतं, हे मात्र चांगलं.

गाय विकत घेताना ब्रुसेलाची (गाभ टाकायला लावणारा जिवाणूंचा आजार) चाचणी करता का? तीत उलट जनावराच्याच रक्तातली अँटिबॉडी शोधतात. कालवडीला 4 ते 8 महिन्यांच्या वयात एस-19 लस दिली असेल, तर त्यानंतर काही काळ आजार नसतानाही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. लसीची नोंद बघितल्याशिवाय जनावर नाकारू नका.

आता मुलाचं. तापाचा कितवा दिवस होता, यावर सगळं अवलंबून आहे. पहिल्या 5 दिवसांत विषाणूचं एनएस1 प्रथिन शोधतात. आयजीएम ही शरीराने तयार केलेली अँटिबॉडी साधारण पाचव्या दिवसापासून सापडू लागते. दुसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह आली तर त्याला काही अर्थ नाही. कार्डापेक्षा एलायझा जास्त खात्रीची, तीच करून मागा आणि ताप कधी सुरू झाला ते डॉक्टरांना नेमकं सांगा. प्रत्येक आजाराला अँटिबॉडी चाचणी चालतेच असंही नाही. क्षयरोगासाठी रक्तातल्या अँटिबॉडी शोधणाऱ्या चाचण्या इतक्या फसव्या निघाल्या की केंद्र सरकारने 2012 मध्ये त्यांच्यावर बंदीच घातली.

मुलाचं पोट जोरात दुखत असेल, उलट्या थांबत नसतील, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येत असेल किंवा ताप उतरताना तो मलूल पडला असेल, तर कार्डावर काहीही येवो, दुसऱ्या चाचणीची वाट न बघता त्याला लगेच दवाखान्यात न्या.