सॅम्युएल बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’ या नाटकाच्या नव्या प्रयोगांना काही जण मध्यंतरात निघून जातात, काही उभं राहून टाळ्या वाजवतात. असं का होतं? आमची संस्था हे नाटक बसवतेय, काय सांभाळावं?

व्लादिमीर आणि एस्ट्रागॉन हे दोन भटके गोदो नावाच्या कुणाची तरी वाट बघत राहतात आणि तो येतच नाही, असं हे नाटक. त्यातून उठून जाणारा प्रेक्षक नाटकाला कंटाळलेला असतो असं आपण धरून चालतो. बऱ्याचदा तो जाहिरातीने फसलेला असतो. जानेवारी १९५६ मध्ये मायामीला हे नाटक ‘दोन खंडांना हसवून सोडणारं’ म्हणून विकलं गेलं. बर्ट लारसारखा विनोदी नट, समोर सुट्टीवर आलेली मंडळी. लोक घोळक्याने बाहेर पडले. त्याच वर्षी न्यूयॉर्कला निर्मात्याने उलटं केलं. नुसत्या करमणुकीसाठी येणाऱ्यांनी तिकीट काढू नये, मला ७०,००० विचारी प्रेक्षक हवेत, असं जाहीरच केलं. आणि नोव्हेंबर १९५७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात सुमारे १,४०० कैद्यांपुढे प्रयोग झाला. नाटकात स्त्री-भूमिका नाही हेही ते निवडण्याचं एक कारण होतं. तिथे कुणाला अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

२०२५ चा न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरचा प्रयोग याच दृष्टीने बघा. जेमी लॉइडचं दिग्दर्शन, कियानू रीव्ह्ज आणि ॲलेक्स विंटर. ही ‘बिल अँड टेड’ या १९८९ च्या विनोदी चित्रपटातली जोडी, त्यामुळे बरेच जण त्यांनाच बघायला आलेले. एका जागी दोघं पाठीला पाठ लावून त्या चित्रपटातल्यासारखी हवेतली गिटार वाजवतात आणि प्रेक्षागृह उसळतं. टाळी हमखास, पण माझ्या मते महागात पडणारी: पुढच्या शांततेत प्रेक्षक गोदोची नाही, पुढच्या खुणेची वाट बघतो. नेपथ्यात प्रचंड बोगदा होता, झाड नव्हतं. संहितेत दुसऱ्या अंकात त्या झाडाला चार-पाच पानं फुटतात. काळ सरल्याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा. तो काढला की ‘तेच तर पुन्हा चाललंय’ ही कुरकुर वाढणारच.

आता तुमच्या तालमीचं. प्रेक्षकांची गळती मुख्यतः तीन जागी होते: लकीचं (पोझो नावाच्या मालकाने दोरीला बांधून आणलेल्या नोकराचं) भाषण, मध्यंतर, आणि दुसऱ्या अंकाची सुरुवात.

लकीचं भाषण म्हणजे विरामचिन्हांशिवाय धावणारे कित्येकशे शब्द. नट ते एका दमात बडबड म्हणून उरकतो आणि मिनिटभरात लोक घड्याळ बघतात. बेकेटने १९७५ मध्ये बर्लिनला स्वतः नाटक बसवलं तेव्हा तालमी या भाषणापासूनच सुरू केल्या आणि त्याचे तुकडे पाडले: बेफिकीर आकाश, झिजत जाणारा माणूस, दगडांची पृथ्वी. तुम्हीही तसे पाडा. शिवाय बाकीच्या तिघांनी तेव्हा काय करायचं तेही संहितेत आहे: व्लादिमीर आणि एस्ट्रागॉन आधी लक्ष देतात, मग कुरकुरतात, शेवटी तिघंही लकीवर झेपावतात, पोझो सुरुवातीपासूनच हैराण. हे नीट झालं तर प्रेक्षकाची चिडचिड रंगमंचावरच बोलली जाते आणि तो बसून राहतो. तिघं नुसते उभे राहिले तर ती चिडचिड दाराकडे जाते.

‘विराम’ आणि ‘शांतता’ या दोन वेगळ्या सूचना आहेत. दोन्हींना सारखीच लांबी दिली की चाल रटाळ होते. शांतता हशा विरल्यावर सुरू करायची. आधी सुरू केली तर हशा तिला खातो, आणि नट घाबरून पुढचं वाक्य लवकर टाकतो. दुसऱ्या अंकात हालचाली जुळत्या ठेवा, पण लय घट्ट करा. तो अंक मुळात छोटाच आहे.

नाटकाच्या शेवटी एस्ट्रागॉनची पँट घोट्यापर्यंत पूर्ण पडली पाहिजे. १९५३ मध्ये पॅरिसला पहिल्या प्रयोगांत नट ती अर्धवट धरून ठेवत होता, तर बेकेटने दिग्दर्शक रॉजे ब्लँला पत्र लिहून तक्रार केली. लोक हसले तर हसू द्या, लगेच येणारी शेवटची शांतता त्या हशानेच जड होते.

कंटाळवाणी वाक्यं कापायचा मोह मात्र नको. बेकेट १९८९ मध्ये वारला, म्हणजे भारतात स्वामित्वहक्क २०४९ अखेरपर्यंत आहे, आणि हक्कदार संहितेतल्या बदलांबाबत फार कडक आहेत. पात्रांचं लिंगही बदलू देत नाहीत; १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये सगळ्या स्त्री-कलाकारांच्या प्रयोगावर खटला झाला होता (तो बेकेट हरला, हा भाग वेगळा).

रंगीत तालमीला नाटक न वाचलेले पंधरा-वीस जण बोलवा. मागच्या रांगेत एकाला घड्याळ आणि संहिता देऊन बसवा; खोकला, खुर्चीची करकर, मोबाइलचा उजेड कुठल्या वाक्याला येतो ते त्याने समासात टिपायचं.