सहा मुलगे झाल्यावर तरी लेआला याकोबाचं प्रेम मिळालं का?

मिळालं, असं सांगणारं एकही वाक्य बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात नाही. याकोबाचा जीव लाबानाच्या धाकट्या मुलीवर, राहेलवर होता, आणि लग्नाच्या रात्री सासऱ्याने, लाबानाने, फसवून थोरली लेआ त्याच्या गळ्यात बांधली. मग राहेलही त्याची बायको झाली. पुढे तिच्या मनाचं काय झालं ते तिने ठेवलेल्या नावांत आहे, म्हणून ती नावं सावकाश वाचा.

पहिला रऊबेन. ती म्हणते, आता तरी नवरा माझ्यावर प्रेम करील. दुसरा शिमोन : मी नावडती आहे, हे देवाने ऐकलं. तिसरा लेवी : आता तरी तो मला धरून राहील. चौथ्या यहूदाच्या वेळी नवऱ्याचा विषयच नाही, फक्त परमेश्वराची स्तुती. प्रवचनांत गोष्ट बहुधा इथेच थांबवतात. लेआ सावरली, तिने आस सोडली. मीही बरीच वर्षं तसंच मानत होते.

पण पुढचा अध्याय वाचा. गव्हाच्या कापणीच्या दिवसांत रऊबेन शेतातून दुदाईम आणतो. मराठी बायबलमध्ये ‘पुत्रदात्रीची फळे’. राहेलला मूल नाही, ती फळं मागते. लेआ उसळते : माझा नवरा घेतलास ते थोडं झालं, आता माझ्या लेकाची फळंही हवीत? शेवटी फळांच्या बदल्यात एक रात्र ठरते. संध्याकाळी याकोब शेतावरून परततो तेव्हा ती वाटेतच त्याला गाठते. आज माझ्याकडे यायचं, लेकाच्या फळांचं मोल देऊन तुम्हाला घेतलंय. हे वाचताना मला अजूनही गलबलून येतं. आस सुटलेली बाई अशी वाटेवर जाऊन उभी राहील का?

सहावा जबुलून झाल्यावर ती पुन्हा नवऱ्याबद्दलच बोलते. पण आता ‘प्रेम करील’ नाही. हिब्रू क्रियापदाचा अर्थ कुणी ‘मान देईल’ असा लावतात, कुणी ‘माझ्याजवळ राहील’ असा. मागणं केवढंसं झालं!

पुढे मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, यहूदा, लेआच्याच पोटचा मुलगा, राहेलला नंतर झालेल्या योसेफासमोर बापाचे शब्द सांगतो : ‘माझ्या बायकोने मला दोन मुलगे दिले.’ ते दोघे राहेलचे.

मरणाच्या वेळी याकोब सांगतो, मला मकपेलाच्या गुहेत पुरा. तिथे अब्राहाम आणि त्याची बायको सारा, इसहाक आणि त्याची बायको रिबका, ‘आणि तिथेच मी लेआला पुरलं’. लेआच्या नावापुढे ‘माझी बायको’ एवढं आलं नाही. जागा मात्र त्याने तिच्या शेजारचीच मागितली.