फंक्शनचं नाव हाती आहे, पण तेवढ्याने भागत नाही

प्रिय दोस्ता,

तुझा प्रश्न वाचला. कॅल्क्युलेटरमध्ये कुणी ‘एसक्यूआरटी’ (वर्गमूळ) टाइप केलं की त्याच नावाचं फंक्शन चालावं. पायथनमध्ये हे एका ओळीत होतं, मग सीमध्येच एवढा इफ-एल्सचा पसारा का?

सीमध्ये लिंकिंग (कंपाइल झालेले तुकडे जोडून प्रोग्राम बनवणं) झालं की चालत्या प्रोग्रामला फंक्शनच्या नावाशी देणंघेणं उरत नाही. कोडमध्ये असते ती पत्त्यावरची उडी. डायनॅमिक लायब्ररी (प्रोग्राम चालताना जोडली जाणारी) जी नावं बाहेर देते ती मात्र टिकतात, कारण लोडरला, म्हणजे लायब्ररी मेमरीत आणून जोडणाऱ्या भागाला, ती लागतात. लिनक्सवर डीएलओपनने लायब्ररी उघडायची, डीएलसिमला नाव द्यायचं, पत्ता मिळतो. विंडोजवर हेच काम लोडलायब्ररी आणि गेटप्रॉकअ‍ॅड्रेस करतात.

बरेच जण इथेच खूश होऊन थांबतात. पण डीएलसिम देतं तो नुसता व्हॉइड पॉइंटर, म्हणजे टाइप नसलेला पत्ता. आर्ग्युमेंट किती, कुठल्या टाइपची, परत काय येणार, यातलं सीच्या सिम्बॉल टेबलात (नावं आणि पत्त्यांच्या यादीत) काहीच नसतं. ते तू कास्ट करून (‘हे या टाइपचं समज’ असं लिहून) सांगायचं, आणि तू सांगशील ते कंपायलर निमूट मान्य करतो.

करून बघ. ६४-बिट इंटेल किंवा एएमडी लिनक्सवर ‘एबीएस’ या पूर्णांकाची निरपेक्ष किंमत देणाऱ्या फंक्शनचा पत्ता घे, ‘डबल (दशांश संख्या) घेतं, डबल देतं’ असा कास्ट कर आणि −७.५ दे. बहुधा −७.५ च परत येईल. क्रॅश नाही, वॉर्निंग नाही, आणि निरपेक्ष किंमत चक्क ऋण! कारण तिथे पूर्णांक आर्ग्युमेंट आरडीआय, आरएसआय अशा सहा रजिस्टरांतून (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणजागांतून) जातात आणि डबल एक्सएमएम रजिस्टरांतून. एबीएसने इंट शोधला आरडीआयमध्ये, तिथला कचरा उचलला, उत्तर ठेवलं ईएएक्समध्ये. तुझा कोड उत्तर वाचतो एक्सएमएम० मधून, आणि तिथे तूच ठेवलेला आकडा अजून तसाच आहे. विंडोजवर रजिस्टरांचे नियम आणखी वेगळे. सीच्या भाषेत हे सगळं ‘अनडिफाइन्ड बिहेवियर’, म्हणजे परिणाम काय ते भाषेने ठरवलेलंच नाही, त्यामुळे उद्या दुसरंच काही दिसलं तर तक्रार करायची सोय नाही.

म्हणून तुझ्या कामाला डीएलसिम नकोच. स्ट्रक्टचा एक अ‍ॅरे कर: नाव, आर्ग्युमेंटची संख्या, फंक्शन पॉइंटर. प्रत्येक फंक्शनभोवती छोटा रॅपर (त्याला आतून बोलावणारं फंक्शन) लिही, जो डबलचा अ‍ॅरे घेतो आणि एक डबल देतो. मग सगळ्यांचं सिग्नेचर (आर्ग्युमेंट आणि उत्तराचे टाइप) एकच, कास्टची गरज नाही, आणि नावं क्रमाने लावलीस तर शोधायला सीचं बीसर्च फंक्शन तयारच आहे. रॅपर लिहायचा कंटाळा येईल, मान्य. पण वापरणाऱ्याने टाइप केलेलं नाव थेट डीएलसिमला दिलंस तर एक दिवस कुणीतरी ‘अबॉर्ट’ (प्रोग्राम बंद पाडणारं) किंवा ‘सिस्टिम’ (कमांड चालवणारं) टाइप करणारच. टेबलात नाही ते चालत नाही, एवढं संरक्षण फुकट मिळतं.

डीएलसिम राखून ठेव प्लगइनसाठी, म्हणजे तुझा प्रोग्राम कंपाइल होताना जो कोड अस्तित्वातच नव्हता त्यासाठी. तिथेही दहा नावं शोधत बसू नकोस. ठरलेल्या नावाचं एकच फंक्शन शोध, त्याने आवृत्ती क्रमांक आणि पॉइंटरांनी भरलेला स्ट्रक्ट द्यावा. सी++ मध्ये त्या फंक्शनला एक्सटर्न ‘सी’ लावायला विसरू नकोस; नाहीतर दोन इंट घेणाऱ्या ‘अ‍ॅड’चं जीसीसी ‘_झेड३अ‍ॅडआयआय’ असं बारसं करतो आणि तू ‘अ‍ॅड’ शोधत बसतोस. प्रोग्रामचीच फंक्शन्स अशी शोधायची असतील तर लिंक करताना ‘-आरडायनॅमिक’ हा पर्याय लागतो. स्टॅटिक (आपल्या फाइलपुरतीच असलेली) फंक्शन्स तरीही सापडत नाहीत.

सिग्नेचरसुद्धा प्रोग्राम चालतानाच कळणार असेल, तर मात्र लिबएफएफआय ही लायब्ररी वापर. टाइपची यादी दिली की कुठलं आर्ग्युमेंट कुठल्या रजिस्टरात जाईल ते ती प्रत्येक प्लॅटफॉर्मच्या नियमाने ठरवते. पायथनमधून सीची फंक्शन्स चालवणारं सीटाइप्स मॉड्यूल (२००६ पासून, आवृत्ती २.५) तिच्यावरच उभं आहे. तुझ्या त्या ‘एका ओळी’बद्दलही सांगतो: सीटाइप्समधून एसक्यूआरटीला सी-डबल दे, पण रिझल्टचा टाइप सांगू नकोस. पायथन तो इंट धरतो आणि भलताच आकडा छापतो.

टेबल झालं की कोड पाठव. ‘पॉव’चा (घात काढणाऱ्या फंक्शनचा) रॅपर आधी लिही, त्याला दोन आर्ग्युमेंट लागतात, वापरणाऱ्याने एकच दिलं तर तुझा कोड काय करतो ते मला बघायचंय.