थ्रीडी प्रिंटर नसताना सिनेमातल्या वस्तू घरी बनवता येतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय अडतीस, वन बीएचके फ्लॅट, थ्रीडी प्रिंटर नाही, वर्कशॉप नाही, पण सिनेमा-मालिकांत दिसणाऱ्या वस्तू स्वतः बनवायची हौस आहे. सुरुवात कुठून करावी, आणि प्रिंटर घेतल्याशिवाय काही जमेल का?

जमेल. प्रिंटर आत्ता घेऊच नका. आधी कोपऱ्यावरच्या हार्डवेअर आणि सॅनिटरीच्या दुकानात जा.

हे गमतीनं सांगत नाही. ज्या वस्तूंवर तुमचा-माझा जीव जडलाय, त्यातल्या कितीतरी मुळात अशाच, दुसऱ्याच कशाचे तरी सुटे भाग जोडून तयार झाल्यात. १९७७च्या 'स्टार वॉर्स'मधली नायक ल्यूकची लाइटसेबर, म्हणजे प्रकाशाच्या पात्याची तलवार घ्या. सेट डेकोरेटर रॉजर ख्रिश्चनला लंडनमधल्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या फ्लॅशगनचे दांडे सापडले. वृत्तपत्रांचे फोटोग्राफर पूर्वी मोठ्या कॅमेऱ्याला बाजूनं लावायचे, ते. त्याला त्यानं टी आकाराच्या काळ्या पट्ट्या चिकटवल्या, खिशातल्या कॅल्क्युलेटरच्या आकड्यांवर असते ती बुडबुड्यांसारखी भिंगाची पट्टी बसवली, खाली कमरेला अडकवायला कडी लावली. झाली लाइटसेबर. त्या सिनेमाला कलादिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं, आणि मिळवणाऱ्यांत हा ख्रिश्चनही होता. त्याच सिनेमातल्या हान सोलोचं पिस्तूल म्हणजे जर्मन माउझर सी-९६, वर दुर्बीण बसवलेलं. पांढऱ्या चिलखतातल्या सैनिकांच्या हातात ब्रिटिश स्टर्लिंग बंदूक. ओबी-वानच्या लाइटसेबरमध्ये तर जेट इंजिनाचा तुकडा, पहिल्या महायुद्धातल्या ग्रेनेडचा भाग आणि बाथरूमच्या नळाची मूठ एकावर एक चढवलीय.

त्याच्याही आधी, १९६६मध्ये, 'स्टार ट्रेक' मालिकेच्या एका भागात मीठ हा कथेचा विषय होता म्हणून आधुनिक घडणीच्या मीठदाण्या आणल्या. त्या इतक्या विचित्र दिसत होत्या की प्रेक्षकांना त्या मीठदाण्या वाटणारच नाहीत, म्हणून कथेत साधी मीठदाणी वापरली आणि या आणलेल्या डॉक्टर मॅकॉयच्या पेटीत शस्त्रक्रियेची उपकरणं होऊन बसल्या.

म्हणजे या छंदात पहिली गरज नजरेची आहे. समोरची वस्तू कशासाठी बनलीय हे विसरून तिचा नुसता आकार दिसला पाहिजे. प्रिंटर विकत घेतलात की ही नजर तयारच होत नाही. कोणीतरी केलेली फाइल उतरवायची, बटण दाबायचं आणि मग प्लास्टिकचे थर चढताना पडलेल्या रेघा आठवडाभर घासत बसायचं. रेघा घासणं हे जगातलं सर्वांत कंटाळवाणं काम आहे, हे माझं ठाम मत. शिवाय या प्रिंटरमध्ये नेहमी वापरतात ते पीएलए प्लास्टिक साठ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात नागपुरात बंद गाडीत हेल्मेट ठेवून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत त्याचा जबडा लोंबलेला असेल.

पहिला प्रकल्प म्हणून लाइटसेबरची मूठच करा. वॉशबेसिनच्या खाली क्रोमचा वेस्ट पाईप असतो, तो ३२ मिलिमीटरचा कुठेही मिळतो. प्लास्टिकवर क्रोम चढवलेलाही येतो, तो कापायला सोपा, पण हातात पोकळ लागतो. स्टीलचा किंवा पितळेचा घ्या. दुकानदार विचारणार, "साहेब, कुठल्या बेसिनला लावायचाय?" त्याला खरं सांगू नका, अर्धा तास जाईल. "मुलाचं प्रोजेक्ट आहे" हे उत्तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही दुकानात चालतं, मूल असो वा नसो.

दहा-अकरा इंचांचा तुकडा हॅक्सॉनं कापा. कापायच्या जागी मास्किंग टेपचा एक पूर्ण वेढा द्या, त्याच्या कडेकडेनं ब्लेड चाललं की काप वाकडा जात नाही आणि क्रोमवर ओरखडे उठत नाहीत. आतली धार कानसीनं मोडा, नाहीतर बोट कापेल. पकडीच्या पट्ट्यांसाठी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांत बसवतात ती काळी रबरी बीडिंग घ्या. खिडक्या बनवणाऱ्यांकडे तिचे तुकडे पडलेले असतात, पैसेही घेत नाहीत. पहिल्या सिनेमात या पट्ट्या सात होत्या आणि दुसऱ्यात सहा. कुठली करताय ते आधी ठरवा, कारण या छंदातली माणसं बघताक्षणी पट्ट्या मोजतात. मुठीच्या मधोमध धातूचा कसलेला पट्टा असतो, त्याला गॅसच्या नळीवरची होज क्लिप चालते, फक्त तिचा स्क्रू मागच्या बाजूला लपवा. कमरेला अडकवायची डी-रिंग, म्हणजे डी आकाराची कडी, बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे मिळेल. लाल बटण इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात. सगळं मिळून खर्च हजाराच्या आत बसायला हरकत नाही, आणि जागा लागते ती स्वयंपाकघराच्या ओट्याएवढी.

पट्ट्या चिकटवायच्या आधी पाईपचा तेवढा भाग पॉलिश पेपरनं खरवडून घ्या. गुळगुळीत क्रोमवर कुठलाही गोंद धरत नाही. फेव्हिक्विक इथं नको, रबर जरा वाकलं की सुटतं. एसआर प्रकारचा फेव्हिकॉल (चपला-सोफ्यांना वापरतात तो पिवळसर) दोन्ही पृष्ठभागांना लावा, दहा मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासा झाला की दाबा. लोक थांबत नाहीत, ओलाच दाबतात आणि मग गोंदाला शिव्या देतात. आणि खिडकी उघडी ठेवा, वास डोक्यात जातो.

मापांचं काय, हा पुढचा प्रश्न येईलच. मूळ वस्तू हातात नसते, असतो फक्त फोटो. अशा वेळी फोटोत किंवा वस्तूच्या इतिहासात एक तरी ओळखीचं माप शोधायचं. त्या फ्लॅशगनच्या दांड्यात टॉर्चचे मोठे डी सेल बसायचे. डी सेलची जाडी ३४ मिलिमीटर. म्हणजे नळी त्याहून थोडी मोठी असणार, आणि आपला ३२चा पाईप मूळच्यापेक्षा किंचित बारीक आहे, हे घरबसल्या कळलं. एक माप हाती आलं की फोटो त्या प्रमाणात मोठा करून खऱ्या आकारात छापून घ्या आणि पाईप कागदावर ठेवूनच खुणा करा. फोटो शक्यतो लांबून काढलेला, समोरून घेतलेला निवडा. जवळून काढलेल्या फोटोत पुढचा भाग फुगलेला दिसतो आणि मापं फसतात.

आता रंग. खरं सांगायचं तर वस्तू इथंच जमते किंवा फसते. नव्या पाईपला नव्या पट्ट्या लावल्यात, तर ती बेसिनखालून उचलून आणलेलीच दिसणार. तिला आयुष्य द्यावं लागतं. काळा आणि थोडा तपकिरी ॲक्रिलिक रंग पाण्यात पातळ करा, ब्रशनं सगळीकडे फासा आणि अर्धवट वाळला की फडक्यानं पुसून टाका. खाचांत, स्क्रूच्या डोक्यात, पट्ट्यांच्या कडेला काळपट मळ राहतो, वरचा भाग उजळ होतो. पण मळ कुठेही माखू नका. ही वस्तू कोणी कशी धरत असेल ते डोळ्यांसमोर आणा. अंगठा जिथं रोज टेकतो तिथं ती चकचकीत हवी, कमरेच्या पट्ट्यावर घासते ती बाजू झिजलेली हवी, आणि जिथं बोट पोचतच नाही तिथं धूळ. हातातलं कुठलंही जुनं अवजार बघा, आजोबांचा पाना असेल तर उत्तमच. कुठं काय झिजतं याचा सगळा नकाशा त्यावर असतो.

काळ्या रंगवलेल्या प्लास्टिकला धातू दाखवायचं असेल तर उलटं करायचं: जवळजवळ कोरड्या ब्रशला नावापुरता चांदी रंग लावून तो फक्त कडांवरून फिरवायचा. कडा उडालेल्या वाटतात आणि आत लोखंड असल्याचा भास होतो. पेन्सिलीच्या शिशाची पूड काळ्यावर घासली तरी बंदुकीच्या धातूसारखी झळाळी येते, आणि खर्च शून्य.

स्प्रे पेंट पावसाळ्यात शक्यतो मारू नका. हवेत ओल असली की लॅकरवर पांढरट धुरकट थर धरतो. कोकणात, मुंबईत राहत असाल तर जून ते सप्टेंबर कापाकापी करा आणि रंग दिवाळीच्या सुट्टीत. मारताना एकदम जाड हात देऊ नका. पातळ तीन-चार हात दिलेत की ओघळ येत नाहीत.

हेल्मेट आणि चिलखतांबद्दल फार लिहीत नाही, त्यावर व्हिडिओ भरपूर आहेत. लहान मुलांच्या खोलीत अंथरतात त्या एकात एक अडकणाऱ्या फोमच्या मॅट, धारदार कटर आणि हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) एवढ्यावर काम होतं. ब्लेड सारखं बदला, बोथट ब्लेडनं फोम कापला जात नाही, फाटतो. डोक्याचा साचा काढायची एक युक्ती मात्र सांगतो: डोक्याला, म्हणजे फक्त कपाळ आणि टाळूला, स्वयंपाकघरातली पारदर्शक फिल्म गुंडाळा, नाक-तोंड मोकळं ठेवा, त्यावर मास्किंग टेप लावा, पेनानं शिवणीच्या रेषा आखा आणि बोथट कात्रीनं कोणाकडून तरी कापून घ्या. सपाट केलं की तुमच्या मापाचा साचा तयार. घरात थर्मोकोल पडला असेल तर त्यावर थेट स्प्रे मारू नका, रंगातलं द्रावक त्याला खाऊन टाकतं. आधी पांढऱ्या फेव्हिकॉलचे दोन-तीन हात द्या. आणि पीव्हीसी पाईप गरम करून वाकवताना तो करपू देऊ नका, जळत्या पीव्हीसीतून निघणारा वायू छातीला वाईट.

सगळं परदेशीच करायला हवं असं कुठाय? मला सर्वांत जास्त मजा १९८७च्या 'मिस्टर इंडिया'मधलं, माणसाला गायब करणारं मनगटावरचं यंत्र करताना आली. जुनं घड्याळ, पितळी पट्टी, दोन-तीन चकत्या, बस्स. दिवे लावायचा मोह होतो म्हणून हिशेब देतो: नऊ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी आणि ४७० ओहमचा रेझिस्टर (वीजप्रवाह आवरणारा छोटा भाग), एवढंच. रेझिस्टर विसरलात तर एलईडी क्षणात जाईल. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, तिथं हे सगळं चिल्लर भावात मिळतं. फक्त या यंत्रावर लाल एलईडी लावू नका. लाल उजेडात तो गायब झालेला माणूस दिसतो, हाच तर सिनेमाचा कणा आहे! घरी आलेल्या एखाद्या पाहुण्यानं ते बरोबर पकडलं की तुमची सगळी मेहनत गेली.

पुण्यात असाल तर बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार फिरून या. यादी घेऊन जाऊ नका, यादीतलं काही मिळत नाही. बंद पडलेले मीटर, कॅमेऱ्यांची झाकणं, शिलाई मशीनचे भाग, कसलीतरी पितळी बोंडं घ्या आणि एका डब्यात टाकून ठेवा. वस्तू बनवताना कुठलातरी भाग मोकळा मोकळा दिसतो, तेव्हा हा डबा उपयोगी पडतो. हॉलिवूडचे मॉडेल बनवणारेही हेच करायचे, रणगाड्यांच्या खेळण्यातल्या किटचे तुकडे अंतराळयानांच्या अंगावर चिकटवायचे.

घरात मुलं असतील आणि त्यांना बरोबर घ्यायचं असेल, तर लाइटसेबरच्या आधी अरविंद गुप्तांची खेळणी करा. आयआयटी कानपूरचा हा इंजिनिअर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी करत आणि शिकवत होता. २०१८मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यातून ते त्रिकोण, घन, घरं उभी करतात. त्यांची पुस्तकं इंटरनेटवर फुकट आहेत, मराठीतही. हात बसायला याहून चांगली शाळा नाही, मोठ्यांनाही.

शेवटची गोष्ट बंदुकांची. हुबेहूब पिस्तूल केलंत तर ते घरातल्या कपाटात ठेवा. बाहेर न्यायचंच असेल तर नळीचं टोक भडक नारिंगी ठेवा आणि बंद पिशवीत न्या. गणपतीच्या गर्दीत कमरेला खोचून मिरवू नका, समोरच्याला ते खोटं आहे हे कळायचा मार्ग नसतो. विमानात खेळण्यातली बंदूकसुद्धा हातातल्या बॅगेत चालत नाही. तलवारींना धार लावू नका, धातूच्या पात्यांना शस्त्र कायदा लागू शकतो. कॉमिक कॉनसारख्या, कॉमिक्स-सिनेमाच्या चाहत्यांच्या मेळाव्यात दारातच तपासणी होते, धातूचं आणि टोकदार आत सोडत नाहीत, म्हणून तिथं न्यायच्या वस्तू फोमच्याच करा. पहिली मूठ झाली की फोटो टाका, पट्ट्या मी मोजणार आहे.